हजर तेवीस, शिवाय एक

तांदूळ रोज तीन पाण्यांत स्वच्छ होतात. आज मंजुळाबाईनं ते पाच पाण्यांनी धुतले आणि सहाव्यासाठी बादली उचलली, तेव्हा तिचं तिलाच हसू आलं. हात तांदळात होते, जीव भिंतीवर टांगला होता.

भिंत शाळेची. मोताळा तालुक्यातल्या त्या गावची जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा उद्या शंभर वर्षांची होणार होती. व्हरांड्याच्या पांढऱ्या भिंतीवर गजेंद्र पेंटर कालपासून निळी अक्षरं काढत बसला होता. स्थापनेचं साल झालं, पहिले मुख्याध्यापक इंद्रभान गुरुजी झाले, पहिला विद्यार्थी झाला. खाली एकच ओळ उरली होती. 'शाळेची पहिली विद्यार्थिनी' एवढं लिहून त्यानं दोन टिंबं दिली होती आणि पुढं वीतभर कोरी भिंत सोडली होती.

त्या वीतभर जागेत मंजुळाबाईला आपली आई बसवायची होती.

बहात्तर वर्षांची मंजुळाबाई. वीस वर्षं ती या शाळेत पोरांची खिचडी शिजवत होती. आपली आई रुख्मिणी लहानपणी याच शाळेत शिकली, हे ती आठ दिवसांपासून दिसेल त्याला सांगत होती. आधी कधी सांगायची वेळच आली नव्हती. आई जात्यावर बसली की ओव्या म्हणायची आणि त्या ओव्यांत शाळा असायची. जात्यातून पीठ सांडावं तशी ती शाळा घरात सांडत राहायची. पिठाचा का कोणी पुरावा मागतो? आता मात्र भिंत पुरावा मागत होती.

"जागा लवकर भरा बापा," गजेंद्र ब्रश पुसत म्हणाला. "मले चारच्या येष्टीनं जळगाव जामोदले जायचं हाये. उद्या सकाळी तिथं दुसरा बोर्ड धरला हाये म्या."

"भरते रे. कितीक घाई करतं!" मंजुळाबाई म्हणाली, जणू ब्रश तिच्याच हातात होता.

तेवढ्यात फाटकात मोटारसायकल थांबली. शाळा समितीचे अध्यक्ष पंजाबराव उतरले. हातात एक झेरॉक्स, चेहऱ्यावर कापसाला चांगला भाव मिळाल्यासारखं हसू.

"मॅडम, पक्कं काम आनलं," त्यांनी मुख्याध्यापिका दीपमाला मॅडमच्या टेबलावर कागद ठेवला. "दाखल-खारीज रजिस्टर, नंबर एकशे अठ्ठ्याऐंशी. महामाया. सन तेहतीस. माह्या बापाची मोठी बहीन. तिच्या आंधी एकाबी पोरीचं नाव नाई रजिस्टरात. मी एकेक पान पाह्यलं."

मंजुळाबाई हात पदराला पुसत दारात आली. "माही माय तिच्या आठ वर्सं आंधी येत होती शाळेत."

"मंग रजिस्टरात काऊन नाई तिचं नाव?"

"थे मले काय इचारता? रजिस्टरले इचारा."

"कागद हाये काय तुमच्यापाशी? एखांदा दाखला, एखांदी चिठ्ठी?"

"कागद नाई. ओवी हाये."

पंजाबरावांनी खुर्ची ओढली. "म्हना मंग. आइकू तरी."

मंजुळाबाईनं डोळे मिटले. आवाज म्हातारा झाला होता, चाल मात्र जात्याच्या खुंट्यासारखी हातात घट्ट होती.

*शाळेच्या ओट्यावर माठ गं गारीगार*
*माठाच्या आडून मी शिकले अक्षरं चार*

*चांदी माही शेळी बाई, शाळेमंधी आली*
*गुरुजीची हजेरी गं पाल्यावानी खाल्ली*

खिडकीला लटकलेली पोरं फिसकन हसली. पंजाबराव तर मांडीवर थाप मारून हसले. "म्हंजे शेळीबी होती शाळेत! मंग लिही बे गजेंद्र, तिचंच लिही. पहिली विद्यार्थिनी, चांदी!"

मंजुळाबाईचे कान तापले. तिच्या आईची ओवी आजवर कोणाच्या हसण्यावारी गेली नव्हती.

"भाऊ, हसू नका," दीपमाला मॅडम उठल्या. "रजिस्टर म्हणजे काही सगळं दप्तर नाही. एक वस्तू अजून कोणी उघडलेलीच नाही. मला तीन वाजेपर्यंत वेळ द्या."

"घ्या नं. तीनले पाच मिनिटं जास्तच घ्या," पंजाबराव उदारपणे म्हणाले आणि कडुनिंबाखाली जाऊन बसले.

ती वस्तू म्हणजे चार्ज यादीतला सत्तेचाळिसावा नंबर. एक मुख्याध्यापक बदलून जातो, दुसरा येतो, तेव्हा शाळेतली प्रत्येक वस्तू यादीवर मोजून ताब्यात द्यायची असते. घंटा एक. नकाशे सहा. आणि सत्तेचाळीस नंबरला, 'जुने पुस्तक, एक, जीर्ण.' एकामागून एका मुख्याध्यापकानं ते मोजून घेतलं होतं, मोजून दिलं होतं, आणि लोखंडी पेटीत नकाशांच्या गुंडाळ्यांखाली परत निजवलं होतं.

मॅडमनी चारही वर्ग दीपक सरांच्या हवाली केले आणि पुस्तक घेऊन थेट स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. मंजुळाबाईला चूल सोडता येत नव्हती आणि ऐकल्याशिवाय राहवतही नव्हतं, हे त्यांना न सांगता कळलं होतं.

जाड पुठ्ठा, तांबूस पडलेली शाई, पण अक्षर कसं! पेरणीच्या तासासारखं सरळ.

"हे शाळेचं रोजचं पुस्तक आहे, मंजुळाबाई. लॉगबुक. आज मी लिहिते ना, त्याचं हे पणजोबा." त्यांनी पहिलं पान वाचलं. "'इन्स्पेक्टर साहेबांच्या हुकमावरून हे पुस्तक ठेविले. साहेब स्कॉटलंड मुलखाचे. तेथे प्रत्येक शाळेत असे पुस्तक असते. नियम पहिला: घडलेले लिहावे. मत, तर्क, स्तुती, निंदा लिहू नये. नियम दुसरा: हजर आकडा खरा असावा. नियम तिसरा: पालकाचा अंगठा अगर सही झाल्याखेरीज कोणाचेही नाव लिहू नये.'"

"साहेब कडक दिसते."

"ऐका तर. 'साहेबांनी विचारले, आज निम्मी मुले कोठे? सांगितले, कापूस वेचावयास. साहेब म्हणाले, आमच्या मुलखात बटाटे काढतेवेळी शाळा अशीच ओस पडते.'"

मंजुळाबाई खळखळून हसली. कापसानं आजही शाळेतली आठ पोरं नेली होती. सातासमुद्रापलीकडं कोण्या बाईनं बटाट्यापायी आपल्या लेकराला शाळेतून ओढलं असेल, आणि कोण्या मास्तरनं कपाळाला हात लावून तेच लिहिलं असेल, हे तिला एकदम शेजारच्या घरातलं वाटलं.

मॅडम पानं उलटत गेल्या. "'हजर तेवीस, शिवाय एक.' 'हजर एकवीस, शिवाय एक.' रोज असंच आहे. मुलं तेवीस, आणि शिवाय एक म्हणजे स्वतः गुरुजी."

मंजुळाबाईचा झारा थांबला. "मॅडम, गुरुजी सोताले काऊन मोजतीन? भाकरी मोजताना आपन पोळपाट मोजतो काय?"

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं. मग पुस्तकाकडं. मग त्यांची बोटं भराभर पळायला लागली, मागं, पुढं, पुन्हा मागं. एका पानावर येऊन थांबली.

"मंजुळाबाई! 'चार दिवस ज्वर. मी घरी बिछान्यावर. शाळा मॉनिटरने चालविली. त्याने ठेवलेले टिपण: हजर एकोणीस, शिवाय एक.' गुरुजी घरी तापानं फणफणलेले आणि शिवाय एक शाळेत हजर!"

"म्हंजे गुरुजी नाई!"

"गुरुजी नाहीत! कोणीतरी दुसरं. आकडा खरा लिहायचा म्हणून मोजायचं, पण नाव लिहायची सोय नाही असं कोणीतरी!"

चुलीवर खिचडी रटरटत होती की मंजुळाबाईच्या छातीत, तिला कळेना. आता मॅडम वाचतील ते एकेक वाक्य ती हातावर झेलायला लागली. "'नदीवरून पाणी आणण्यास नोकर नाही. ओट्यावरील माठ शिवाय एककडून रोज भरला जातो. सबब माठाजवळ बसण्याची मुभा दिली.'"

"माठ!" मंजुळाबाई ओरडली. "मॅडम, माठ! म्या म्हनलं नव्हतं? माठाच्या आडून!"

वास आला तेव्हा दोघी भानावर आल्या. खिचडी तळाला लागली होती.

मधल्या सुटीत पोरांनी ती करपट खिचडी भुरके मारून खाल्ली, कारण पुस्तकाची बातमी तिच्याआधी त्यांच्या ताटात पोचली होती. कडुनिंबाखालीही पोचली. पंजाबराव आले, उभ्यानंच माठाची नोंद ऐकली आणि मान हलवली.

"मॅडम, राग येऊ देऊ नका. पान्यावालं पोरगं असन एखांदं. पानी भरलं, बसलं सावलीत. पोरगीच होती, अन् थेबी मंजुळाबाईचीच माय, हे कुठं लिवलं हाये?"

बोलणं खरं होतं, आणि म्हणूनच मंजुळाबाईला ते जास्त लागलं. तिनं पातेलं खाली ठेवलं. "शेळी शोधा, मॅडम," ती हलक्या आवाजात म्हणाली. "माही माय खोटं गानारी नव्हती. शेळी आली असन तर गुरुजीनं लिवलं असन. घडलेलं लिवायचं होतं ना त्याले?"

मग सुरू झाली शेळीची शोधाशोध. जणू खरीच शेळी हरवली होती आणि सारी शाळा तिच्या खुरांच्या मागावर निघाली होती. मॅडम पानं चाळत होत्या, चौथीच्या काजल आणि करिष्मा दोन्ही खांद्यांवरून वाकून 'शे' शोधत होत्या. फेब्रुवारीत शेळी नव्हती. मार्चमध्ये देवीची लस टोचणारे आले होते, पोरं पळाली होती, शिवाय एकनं दंड पुढं केला होता; पण शेळी नव्हती. जूनमध्ये छप्पर गळत होतं. जुलैत दोन पाट्या फुटल्या. अडीच वाजले. गजेंद्रनं रंगाच्या डब्यांना झाकणं लावायला सुरुवात केली.

"थांब रे बापा!" मंजुळाबाई व्हरांड्यातून ओरडली.

"मी थांबीन हो, येष्टी थांबन काय?"

पंजाबराव घड्याळ बघत होते. मंजुळाबाई भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. ओवी म्हणत होती की देवाला काही बोलत होती, तिलाही सांगता आलं नसतं.

"शे!" काजल किंचाळली. "मॅडम, शे! इथं शे हाये!"

दीपमाला मॅडमनी ते पान आधी मनात वाचलं. मग त्या ताडकन उठल्या, पुस्तक दोन्ही हातांत धरून व्हरांड्याच्या मधोमध आल्या आणि परिपाठाच्या वेळी लावतात तसा खणखणीत आवाज लावला.

"'ता. १९ आगस्ट १९२५. हजर वीस, शिवाय एक. दुपारी दोन वाजता शेळी वर्गात शिरली. हजेरीपटाचे चालू महिन्याचे पान खाल्ले. नवे पान मागविले आहे. शेळी शिवाय एकची.'" त्या थांबल्या. "'शेळीचे नाव चांदी.'"

आणि मग पोरांनी जो गलका केला! "चांदी! चांदी! चांदी!" कोणी ताट वाजवलं, कोणी बाक. दीपक सर खडू घेऊन वर्गाबाहेर आले आणि काय झालं हे न कळताच टाळ्या वाजवायला लागले. मंजुळाबाईला हसायचं होतं, रडायचं होतं, नाचायचं होतं. तिनं यातलं काहीच केलं नाही. हातातला झारा तिनं तेवढा घट्ट धरला.

पंजाबरावांनी चष्मा काढला, पुसला, लावला. पुस्तक मागून घेतलं. ओळ बोटानं दोनदा वाचली. सकाळी ओवीला ते स्वतः हसले होते, सगळ्यांसमोर, शेळीचं नाव घेऊन. आता ती शेळी शंभर वर्षांचं पान चघळत त्यांच्यासमोर उभी होती.

"शेळी कबूल," ते म्हणाले. आवाजातली मस्करी गेली होती. "पन मॅडम, शेळीचं नाव सरकारी पुस्तकात चढलं अन् पोरीचं नाई चढलं? हे कसं काय?"

"शेळीला पालकाचा अंगठा लागत नाही, भाऊ," मॅडम म्हणाल्या.

पंजाबरावांनी पुस्तक त्यांच्या हातात परत दिलं.

मॅडम पुढची पानं हळूहळू वाचत गेल्या. "'शिवाय एकच्या वडिलांकडे गेलो. अंगठा दिला नाही.' महिन्यानं पुन्हा. 'दुसऱ्यांदा गेलो. अंगठा दिला नाही.' आणि हे दिवाळीच्या आधीचं. 'तिसऱ्यांदा गेलो. अंगठा दिला नाही. कणगीमागून आवाज आला, मी देते माझा अंगठा. अल्पवयीनाचा चालत नाही, असे सांगून परतलो.'"

पुढं कपाशीची सुटी होती. सुटीनंतरच्या पहिल्या दिवसाची ओळ मॅडमनी वाचली. "'हजर सव्वीस.'"

"अन् शिवाय?" मंजुळाबाईनं विचारलं.

मॅडमनी पान उलटलं. अजून एक. अजून एक. मान हलवली.

मंजुळाबाईला आता उमगलं, आईच्या शाळेच्या ओव्या शेळीवर येऊन का थांबायच्या ते. पुढची ओवी आईनं कधी जात्यात टाकलीच नव्हती. कणगीमागं उभी असलेली नऊ वर्षांची पोरगी तिला दिसली, इवलासा अंगठा पुढं केलेली. त्या अंगठ्याला शाई लागली नव्हती. पुढं त्याला शेण लागलं, माती लागली, लग्नात हळद लागली, शाई नाही.

तिनं झारा खाली ठेवला आणि पुढं आली.

"मॅडम," ती म्हणाली, "अंगठा कोनाचा पायजे होता?"

"पालकाचा."

"मंग आता माह्या मायचा पालक कोन हाये? बाप गेला तिचा. नवरा गेला. भाऊ गेले. शेवटची तीन वर्सं माय अंथरुनावर होती. तिले घास म्या चारला, तिची वेनी म्या घातली, शेंबूडबी म्याच पुसला. पालक दुसरं काय करते? आना थे पुस्तक. मी करते सही."

दीपमाला मॅडमच्या चेहऱ्यावर आनंद आणि नियम यांची ओढाताण दिसली. "शंभर वर्षांपूर्वीच्या पानावर मला काही लिहिता येणार नाही, मंजुळाबाई."

"जुन्यात कायले? आजच्या पुस्तकात लिवा. आज घडलं ना? घडलेलं लिवा."

मॅडम पंजाबरावांकडं वळल्या. फलकावरचं नाव समितीच्या संमतीशिवाय चढणार नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पंजाबरावांनी महामायेची झेरॉक्स चार घड्या करून खिशात घातली.

"आत्या दुसरी," ते म्हणाले. "दुसरीबी काही लहान गोष्ट नाई त्या टायमाले." मग घसा खाकरून एकदम खेकसले, "पाहता काय मॅडम, सही घ्या! साडेतीन वाजून राह्यले. अन् तू बे गजेंद्र, झाकनं काऊन लावली? खोल थे डब्बे!"

ऑफिसमधून आजचं लॉगबुक आलं, पेन आलं. दीपमाला मॅडमनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं: "'जुन्या पुस्तकातील शिवाय एक म्हणजे रुख्मिणी, याबाबत ओवी व नोंद ताडून पाहिली. दोन्ही जुळल्या. फलकावर नाव लिहिण्यास पालक मंजुळाबाई यांची सही घेतली. पट एकेचाळीस, हजर तेहतीस.'"

तांदळाच्या साठ्याच्या वहीत मंजुळाबाई रोज सही करायची. तेवढी तीन अक्षरंच तिला येत होती. आज तिनं ती अशी काढली की पोरं श्वास रोखून बघत राहिली. मं. जु. ळा. 'पालक' या शब्दाच्या पुढं.

गजेंद्रनं ब्रश बुडवला. निळी रेघ भिंतीवर उतरली, वळली, पोटात वाकली. पोरं एका सुरात सांगायला लागली, "रु..." बाहेर रस्त्यावर चारच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"तुही येष्टी, बे!" पंजाबराव म्हणाले.

"जाऊ द्या तिले," गजेंद्र भिंतीवरची नजर न काढता म्हणाला. "सहाची हाये. ख्मि काढता काढता सोडून जाऊ काय?"

"ख्मि!" पोरं ओरडली. "णी!"

झालं. वीतभर जागा भरली, आणि टोकाला थोडी उरलीही. मंजुळाबाई भिंतीजवळ गेली. ओल्या रंगाला हात लावायचा नाही, हे तिला कळत होतं. तिनं बोट हवेतच, एकेका अक्षरापुढं धरलं.

"एक, दोन, तीन," तिनं मोजलं. मग पुन्हा मोजलं, आणि तिचा चेहरा उजळत गेला. "मॅडम, माय तर चार शिकली होती. नावाले तीनच लागली."

"मग चौथं?"

"थे शिवाय," मंजुळाबाई म्हणाली.

गजेंद्रनं मान तिरकी करून उरलेली जागा पाहिली, बारीक ब्रश काढला, आणि कोणालाही न विचारता नावाच्या शेवटी एक शेळी काढायला घेतली. कान लांब, शेपूट वर, तोंडात एक पान. पोरं तिला शिंगं हवीत की नकोत यावर भांडायला लागली, पंजाबराव म्हणाले शिंगं पाहिजेतच, आणि मंजुळाबाई त्या सगळ्यांना ढकलत पुढं आली.

"नाई बापा, शिंगं नव्हती तिले," ती म्हणाली. "बोडकी होती चांदी. दुसरी ओवी हाये त्याची, थांबा, म्हनते."